खंडणी की लढाई: १८०१ ला जेफरसनचं बरोबर होतं का?

दर्यावर्दी
ट्रिपोली (आजचं लिबिया) आणि अमेरिका यांच्या युद्धाबद्दल परत वाचतोय आणि माझं मत पक्कं होत चाललंय की अमेरिकेचा अध्यक्ष जेफरसनने खंडणीऐवजी लढायचं ठरवलं तेच बरोबर. अमेरिका स्वतंत्र झाली तसं ब्रिटिश आरमाराचं संरक्षण गेलं, १७८५ लाच अल्जीयर्सच्या (आजचं अल्जीरिया) चाच्यांनी दोन जहाजं धरली, मग पैसे मोजणं सुरू. १७९५ च्या तहात अल्जीयर्सला ६,४२,५०० डॉलर, वर दरसाल जहाजाचं सामान. आणि मिळालं काय? १८०० साली खंडणी पोचवायला गेलेल्या 'जॉर्ज वॉशिंग्टन' या अमेरिकन जहाजावर अल्जीयर्सचा झेंडा चढवून अल्जीयर्सचाच वकील इस्तंबूलला नेऊन सोडायला लावला. पुढच्या वर्षी ट्रिपोलीच्या युसुफ पाशाने २,२५,००० मागितले, नाही मिळाले तर अमेरिकन वकिलातीची झेंड्याची काठीच तोडली. यावरही गप्प बसायचं?

हिशेबी
गप्प बसा कोण म्हणतंय, पण हिशेब तर बघा. जेफरसनच्या आधीचा अध्यक्ष अॅडम्सचं म्हणणं हेच होतं की लढाईपेक्षा खंडणी स्वस्त पडते. १८०३ ला अमेरिकन जहाज 'फिलाडेल्फिया' ट्रिपोलीसमोर खडकावर अडकलं आणि तीनशेवर माणसं कैदेत गेली. अमेरिकन नौदल अधिकारी डिकेटरने नंतर ते जहाज बंदरात घुसून जाळलं ही मर्दुमकी खरीच, पण कैदी सुटले ते १८०५ ला ६०,००० डॉलर मोजून!

दर्यावर्दी
ती कैद्यांची सोडवणूक होती हो, खंडणी नव्हे. त्यांचे शंभरेक आपल्याकडे, म्हणजे अमेरिकेकडे, आणि तिकडे तीनशे, त्या फरकाचे पैसे. दरसालचा हप्ता ट्रिपोलीपुरता तरी कायमचा बंद झाला.

कुलाबकर
मला आधी 'चाचे' हा शब्दच खटकतो. ही जहाजं राजाच्या परवान्यावर चालायची आणि त्याच समुद्रात माल्टाचे सरदार मुसलमान जहाजं लुटून माणसं गुलाम म्हणून विकत होते, त्यांना कोणी चाचे म्हणत नाही. आपल्या कान्होजी आंग्र्यांचंही तेच, आमच्या पाण्यातून जायचं तर दस्तक म्हणजे परवाना घ्या म्हणाले तर इंग्रजांच्या लेखी चाचे, आणि पोर्तुगीज तसाच त्यांचा परवाना, कार्ताझ, घ्यायला लावायचे तो मात्र कायदा.

दर्यावर्दी
माल्टाचं मान्य, शंभर टक्के. पण आंग्रे आपला किनारा राखत होते, ट्रिपोलीवाले लांब समुद्रात जाऊन माणसं धरून त्यांच्या सुटकेचे पैसे मागायचे, ती तुलना मला पटत नाही.

हिशेबी
आणि हप्ता बंद झाला म्हणता तो फक्त ट्रिपोलीचा. अल्जीयर्सचा त्रास संपवायला १८१५ ला डिकेटरला परत आरमार घेऊन जावं लागलं.

दर्यावर्दी
हो, कारण १८०१ ला पाठवली किती, चार जहाजं. त्यातल्या 'एंटरप्राइझ'वरून अमेरिकन अधिकारी स्टेरेटने 'ट्रिपोली' हे शत्रूचं जहाज हरवलं, स्वतःचा एक माणूस न गमावता, आणि अमेरिकन काँग्रेसची (संसदेची) परवानगी नाही म्हणून तोफा समुद्रात टाकून ते सोडून द्यावं लागलं! लढायचं तर पूर्ण लढायचं होतं.

कुलाबकर
मग हॅमेटचं काय? युसुफचा थोरला भाऊ, गादीवर बसवतो म्हणून अमेरिकन प्रतिनिधी ईटनने त्याला वाळवंटातून आठशे किलोमीटर चालवत ट्रिपोलीच्या राज्यातल्या डेर्ना शहराला आणलं, एप्रिल १८०५ मध्ये शहर घेतलंसुद्धा, आणि तिकडे तह झाल्यावर रातोरात त्याला जहाजावर चढवलं, त्याच्या मागे आलेली अरब माणसं किनाऱ्यावरच राहिली. बायकामुलं आधीपासून युसुफकडे अडकलेली, ती आणखी चार वर्षं ठेवून घ्यायची मुभा तहासोबतच्या गुप्त कलमात अमेरिकेनेच देऊन टाकली.