लॅबचं पिल्लू ९ आठवड्यांचं, मांजर ३ वर्षांचं: दात, लस आणि दोघांची ओळख

शाहूनगरकर
सातारा, शाहूनगर. लॅब्रॅडॉर नर, ९ आठवडे, डीएचपीपीआयचा (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्र लस) पहिला डोस आठव्या आठवड्यात झालाय. सोबत घरातली देशी भाटी (मांजरी), ३ वर्षांची, नसबंदी झालेली. एक जण म्हणतो लस पूर्ण होईपर्यंत पिल्लू उंबऱ्याबाहेर काढू नका, दुसरा म्हणतो आत्ताच सगळं दाखवा. कुणाचं ऐकायचं? ब्रश कधी सुरू करायचा? आणि भाटीच्या तोंडाला महिनाभर घाण वास येतोय. कोरडं खाणं एका बाजूनं चावते, मधेच तोंडातून टाकते. पिल्लू आल्यापासून फ्रिजवर बसून आहे. दोघांचा ब्रश एकदम सुरू करू का?

यवतेश्वरघाट
पिल्लाचं आधी सांगतो, त्याच्याकडे दिवस कमी आहेत. नवीन माणूस, आवाज, वास हे सगळं पिल्लू बिनघोर स्वीकारतं ते साधारण ३ ते १४ आठवड्यांपर्यंत. लसीचा कोर्स १६व्या आठवड्याच्या आसपास संपतो. म्हणजे कोर्स संपायची वाट बघितलीत तर ही मुदत हातातून गेली. दोन्ही सल्ले अर्धे बरोबर आहेत: बाहेर न्या, पण पाय जमिनीला लावू नका.

भीती पार्व्होची आहे, म्हणजे पिल्लांना जीवघेण्या उलट्या-जुलाब लावणाऱ्या विषाणूची. तो विष्ठेतून पसरतो, मातीत महिनोन्महिने टिकतो आणि साध्या फिनेलला दाद देत नाही. (अंगण धुवायचं असेल तर आधी घाण काढा, मग १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी, १० मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्यानं धुवा.) कचराकुंडी, मोकाट कुत्र्यांची जागा, दवाखान्यातली फरशी पूर्ण बंद. कडेवर किंवा पिशवीत घेऊन पोवई नाक्याच्या कडेला १० मिनिटं उभं राहा, एसटी स्टँडसमोर बाकावर मांडीवर घेऊन बसा. हेल्मेटवाला, फेटेवाला, काठी टेकणारे आजोबा, घोंगडीची खोळ घेतलेला मेंढपाळ, शाळा सुटल्यावरचा गोंगाट. दिवसाला एक-दोन नव्या गोष्टी पुष्कळ झाल्या. प्रत्येकाच्या हातात द्यायचं नाही, लांबून बघितलं तरी मोजलं जातं. लस पूर्ण झालेलं ओळखीचं शांत कुत्रं घरी बोलावलं तर उत्तम.

आपल्याकडं खरी परीक्षा आवाजाची. गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर स्पीकर लावून जातात, नंतर गणपतीत ढोल, दिवाळीत सुतळी बॉम्ब. हे आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावा आणि त्याच वेळी त्याला जेवण द्या. तो खात राहिला तर दोन दिवसांनी थोडा वाढवा. खाणं थांबवून कान मागं गेले की आवाज जास्त झाला, परत खाली या. ‘होईल सवय’ म्हणून फटाक्यांत नेऊन उभं केलं की सवय होत नाही, भीती पक्की होते.

तोंडाला हात लावू देणं ही सुद्धा याच मुदतीत लागणारी सवय आहे, म्हणून ती आजपासूनच. जेवून सुस्तावला की त्याची पाठ तुमच्या पोटाला टेकवून मांडीवर घ्या. गालावरून बोट फिरवा, लगेच खाण्याचा एक दाणा. तीन-चार दिवसांनी अंगठ्यानं वरचा ओठ दोन सेकंद उचला, दाणा. पुढच्या आठवड्यात बोटाला गॉज गुंडाळून चिकनच्या पाण्यात बुडवा (मीठ, कांदा, लसूण नको) आणि सुळ्यावरून फिरवा. क्रम चुकला तरी चालेल, दाणा चुकवू नका.

४ ते ६ महिन्यांत दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येतात. हिरड्या ठणकत असतात, तेव्हा ब्रश ठेवून द्या, फक्त ओठ उचलत राहा. त्यानंतर लहान मुलांचा मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला ४५ अंशात, एका बाजूला ३० सेकंद. जबडा फाकवू नका. जवळपास सगळ्यांचं इथंच बिनसतं: तोंड उघडायला गेलं की झटापट होते आणि दुसऱ्या दिवशी ब्रश दिसला की कुत्रं सोफ्याखाली. तोंड मिटलेलंच ठेवून ओठाखालून बाहेरची बाजू घासा, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी सांभाळते. वरच्या जबड्यात मागं सगळ्यात मोठा दात आहे, त्याच्याजवळ लाळेची नळी उघडते. कीटण आधी तिथं धरतं. दातावरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत कडक होतो, मग ब्रशनं हलत नाही. त्यामुळं आठवड्यातून एकदा घासणं म्हणजे मनाचं समाधान.

माणसांची पेस्ट वापरू नका. फ्लोराइड आणि फेस पोटात जातो. झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोडवा) असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपकन उतरते, यकृतही जातं. प्राण्यांची एन्झाइमवाली पेस्ट घ्या, वाटाण्याएवढी पुरे.

कोरेगावचा_रानगडी
एवढं कशाला? मटणाचं नळीचं हाड द्या, दात आपोआप साफ.

यवतेश्वरघाट
@रानगडी दादा, तोच मागचा मोठा दात हाडावर उभा चिरतो. कुत्रं कण्हत नाही, म्हणून महिनोन्महिने कळत नाही. शिजवलेल्या हाडाच्या चिरफळ्या आतड्याला लागतात ते वेगळंच. वाळलेले खूर आणि शिंगं पण नकोत. अंगठ्याचं नख दाबून बघा, नख जराही रुतत नसेल तर ते चावायला देऊ नका.

माहुलीकाठची_माऊ
ताई/दादा, भाटीला ब्रश अजिबात लावू नका. आधी डॉक्टर. एका बाजूनं चावणं आणि खाणं टाकणं म्हणजे दुखतंय. दुखऱ्या दाताला ब्रश लागला तर ती पुढं कधीच तोंडाला हात लावू देणार नाही.

घरी फक्त उजेडात ओठ उचलून बघा. हिरडीच्या कडेला लाल रेघ? दाताच्या मुळाशी गुलाबी ठिपका, जणू हिरडी दातावर चढलीय? बऱ्याच मांजरांचा दात मुळाशी विरघळत जातो, तिथं नुसतं टेकलं तरी जबडा थरथरतो. हे साफ करून बरं होत नाही, बहुतेकदा दात काढावा लागतो. घशाच्या बाजूचा भागही लालबुंद असेल तर ती वेगळी सूज. डॉक्टर एफआयव्ही, एफईएलव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती घालवणारे दोन विषाणू) तपासणी सुचवतील, नाही म्हणू नका.

साफसफाई पूर्ण भूल देऊनच. भूल न देता खरवडून देणारे भेटतील, त्यात दात चकचकीत दिसतो आणि हिरडीखालची घाण तशीच राहते. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: भुलीआधी रक्ततपासणी करता का (मूत्रपिंड, यकृत), श्वासनळीत नळी घालता का (नाहीतर पाणी फुप्फुसात उतरतं), दातांचा एक्स-रे काढता का. एक्स-रे जवळ नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा. उपाशी किती तास ठेवायचं ते डॉक्टर सांगतील तसंच.

आणि हे मोठ्या अक्षरात वाचा: दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीनं मांजर दगावतं.

फ्रिजवर बसलीय ते चांगलंच आहे, तिला उतरवू नका. मांजराची मिसळायची मुदत २ ते ७ आठवडे, ती कधीच गेली. आता जमेल ते तिच्या कलानं. तिला एक खोली द्या: पाणी, खाणं, रेतीचा ट्रे आत. पिल्लाच्या अंगावर फिरवलेलं फडकं तिच्या ताटलीपासून दोन हातांवर ठेवा, तिचं फडकं पिल्लाकडं. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, रोज ताटल्या वीतभर जवळ. दोघं दाराला लागून निवांत खायला लागली की दाराला जाळी लावून ५ मिनिटं, पिल्लाला पट्टा. त्यानं तिच्याकडून नजर काढून तुमच्याकडं बघितलं की दाणा. तिला उचलून त्याच्यासमोर धरायचं नाही, ओरबाडेल तुम्हालाच. शेपूट फुगली, कान चपटे झाले की ताटल्या पुन्हा लांब.

शाहूनगरकर
ओठ उचलून बघितला. खालच्या डाव्या बाजूला गुलाबी ठिपका आहे. उद्या सकाळी दवाखान्यात नेतो. पिल्लू सारखं बोटं चावतंय, ते दातांमुळं का?

माहुलीकाठची_माऊ
नेताना टोपलीवर चादर टाका, दवाखान्यात कुत्री दिसायला नकोत.

यवतेश्वरघाट
नऊ आठवड्यांत चावतंय ते खेळ म्हणून. हात हिसकू नका, सैल सोडा, उठून २० सेकंद पाठ फिरवा, परत आल्यावर दोरी किंवा ओलं करून फ्रीझरमध्ये ठेवलेलं सुती फडकं द्या. ते फडकं तुमच्या हातात धरूनच चघळू द्या, गिळायला नको. रक्त निघालं तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवा, रेबीजची लस त्याला अजून तीन महिन्यांचा झाल्यावर मिळायची आहे. आणि पेस्टची ट्यूब कपाटात वर ठेवा. चिकनचा वास आला की लॅब टोपणासकट खातो.