मदत हवी आहे: व्याज-आकारणीच्या कोडमध्ये स्ट्रॅटेजी, डेकोरेटर की आणखी काही?

नमस्कार मंडळी,

कोड जावा भाषेत आहे, स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर. पतसंस्थांसाठीच्या सॉफ्टवेअरमधलं ठेवींवरच्या व्याजाचं मॉड्यूल माझ्याकडे आलंय. ज्यांनी लिहिलं ते नोकरी सोडून गेले, त्यामुळे विचारायला कोणी नाही. सगळं व्याज एकाच अगडबंब फंक्शनमध्ये निघतं. मुदत ठेव, आवर्त, पिग्मी, दामदुप्पट, बचत अशा इफ-एल्सच्या फांद्या, आणि प्रत्येक फांदीत पुन्हा तेच: ज्येष्ठ नागरिक आहे का, कर्मचारी आहे का, ठेव मुदतीआधी मोडली का.

टीम लीड म्हणाले, डिझाइन पॅटर्न (नेहमीच्या अडचणींवरचे कोडचे ठरलेले साचे) वापर. म्हणून प्रत्येक ठेवीचा एक स्ट्रॅटेजी क्लास केला, म्हणजे व्याज काढायची रीत ज्याची त्याच्याकडे. कोणता क्लास द्यायचा ते फॅक्टरी ठरवते. इथपर्यंत बरं चाललं होतं. मग ज्येष्ठ, कर्मचारी आणि मुदतपूर्व यांचे डेकोरेटर (मूळ हिशोबावर बाहेरून चढवायचे थर) केले, कारण ते कुठल्याही ठेवीवर चढवता यायला हवेत. तिथे गाडी अडली.

समजा ज्येष्ठ नागरिकाची १ लाखाची, एका वर्षाची ठेव ९ महिन्यांत मोडली. संस्थेचा नियम: जितका काळ ठेव राहिली त्या मुदतीचा दर (७ टक्के), त्यातून १ टक्का दंड वजा, ज्येष्ठांचा अर्धा टक्का मात्र द्यायचा. म्हणजे साडेसहा. तिमाही चक्रवाढीने व्याज ४,९५५ रुपये. पण मुदतपूर्वचा डेकोरेटर सगळ्यात बाहेर बसला, तर तो आतून आलेला दर टाकून देऊन स्वतःचा ६ टक्के लावतो. अर्धा टक्का गायब, व्याज ४,५६८. एरर नाही, लॉगमध्ये चकार शब्द नाही.

हा क्रम नेमका कुठे बांधायचा? फॅक्टरीत की बिल्डर (टप्प्याटप्प्याने जोडणी करणारा क्लास) लिहू? लीड आता चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी (काम एकाकडून पुढच्याकडे सरकवणारी साखळी) सुचवताहेत. शिवाय दरपत्रक सिंगलटनमध्ये (सगळ्या कोडला मिळून एकच वस्तू) आहे, त्यामुळे एका टेस्टने बदललेले दर पुढच्या टेस्टला दिसतात.

जाणकारांनी कृपया मार्ग दाखवावा. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

इथे डेकोरेटर नकोच. थरांना एकमेकांची खबर ठेवायची गरज नसते तिथे तो शोभतो. जावाच्या बफर्डरीडरला (मजकूर वाचणारा असाच एक थर) आत फाइल आहे की नेटवर्क, याच्याशी देणंघेणं नसतं. तुमच्या मुदतपूर्वला मात्र आत ज्येष्ठ बसलाय का, हे कळल्याशिवाय बरोबर उत्तर काढता येत नाही. नियमाला ठरलेला क्रम आहे ना? मग तो एका फंक्शनमध्ये ओळीने लिहा: मुदतीचा दर, वजा दंड, अधिक ज्येष्ठांचा. संस्थेच्या व्यवस्थापकांना वाचून दाखवलं तर त्यांनी मान डोलवावी इतकं सरळ. चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटीनेही क्रमाचं दुखणं जात नाही, फक्त जागा बदलतं.

मुळात दोन वेगळ्या गोष्टी एका क्लासमध्ये कोंबल्या गेल्यात: दर किती, आणि त्या दराने व्याज कसं काढायचं. ज्येष्ठ, कर्मचारी हा डेटा आहे, टेबलातल्या ओळी. उद्या संचालक मंडळाने दिव्यांग ठेवीदारांना पाव टक्का जादा दिला तर नवा क्लास लिहून रिलीज काढणार का? दर बाजूला केला की पद्धती उरतात मोजक्या: तिमाही चक्रवाढ, सरळव्याज, रोजच्या शिलकेवरचं व्याज. स्ट्रॅटेजी हवी असेल तर ती या पद्धतींची करा, ठेवीच्या नावांची नको. जावा ८ पासून त्यालाही क्लास लागत नाही. ठेवप्रकाराच्या इनममध्ये (ठरावीक पर्यायांची यादी) प्रत्येकापुढे एक लॅम्डा (बिननावाचं छोटं फंक्शन) पुरतो. कम्पॅरेटर (दोघांत आधी कोण, हे सांगणारा नियम) देऊन लिस्ट सॉर्ट करतो तीही स्ट्रॅटेजीच की, तिथे कोण फॅक्टरी लिहीत बसतं?

सिंगलटनचं सोपं आहे. स्प्रिंगचा बीन (स्प्रिंग स्वतः सांभाळतं ती वस्तू) वेगळं सांगितलं नाही तर एकच असतो. स्टॅटिक गेटइन्स्टन्स (ते एकच दरपत्रक कुठूनही हाती देणारं फंक्शन) काढा, दरपत्रक कन्स्ट्रक्टरमधून आत द्या. मग प्रत्येक टेस्टला तिचं स्वतःचं दरपत्रक.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादातल्या दराच्या मुद्द्याला +१. लॅम्डाऐवजी मी मात्र स्विच (प्रत्येक प्रकाराला एक फांदी) ठेवला असता. जावा १४ पासून इनमवर स्विच एक्स्प्रेशन लिहिलं आणि एखादा प्रकार राहिला, तर कंपाइलच होत नाही.

अवांतर: गँग ऑफ फोरचं (चौघा लेखकांचं) डिझाइन पॅटर्नवरचं मूळ पुस्तक १९९४ चं, उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमधली. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी १९९६ सालीच दाखवलं होतं की त्यातल्या २३ पैकी १६ पॅटर्न लिस्प किंवा डिलनसारख्या भाषेत सोपे तरी होतात नाहीतर दिसेनासेच होतात. जावाही आता त्या दिशेने बरीच सरकली आहे. लीडसाहेबांना हे सांगून बघा, अर्थात स्वतःच्या जबाबदारीवर!

धागाकर्ती

दोघांचेही आभार. दर वेगळा काढायचं पटलं. लीडना नॉर्विग नको, दोन आकडे दाखवते, ४,९५५ आणि ४,५६८.

प्रतिसाद ३

कशालाही हात लावण्याआधी जुन्या, बंद झालेल्या पावत्या काढा. प्रत्येक प्रकारच्या थोड्या, मोडलेल्या आणि पूर्ण मुदतीच्या दोन्ही. आत्ताचा कोड जे व्याज देतो ते टेस्टमध्ये जसंच्या तसं गोठवा, चूक वाटलं तरी. नाहीतर ३१ मार्चला देय व्याजाची तरतूद जुळली नाही की फरक पॅटर्नचा की नियमाचा, हे शोधत बसाल.

आणि दामदुप्पट जपून. ८ टक्के तिमाही चक्रवाढीने १ लाखाचे १०५ महिन्यांत १,९९,९८९ होतात. पावतीवर मात्र २ लाख छापलेले असतात आणि तेवढेच द्यावे लागतात. पूर्ण मुदतीला तिथे गणित करायचंच नाही, पावतीवरची रक्कम वाचायची. चक्रवाढीची पद्धत फक्त मध्येच मोडली तर.

धागाकर्ती

आत्ता पाहिलं. दामदुप्पटच्या फांदीत शेवटी नुसतं 'अधिक ११' लिहिलंय, वर कॉमेंट नाही. ५० हजारांच्या पावतीलाही ११च, म्हणजे हातात १,००,००५. हेसुद्धा टेस्टमध्ये गोठवायचं का?

प्रतिसाद ३

गोठवा. आणि संस्थेला आजच मेल टाका.