‘कन्सील्ड हँडगन’ला मराठीत काय म्हणावे? (टेक्ससमधल्या रुग्णालयाच्या दारावरची पाटी)

अर्धविराम:
आई-बाबा सहा महिन्यांसाठी ह्यूस्टनला आले आहेत. बाबांचा गुडघा दाखवायला गेलो तर आई दारावरच्या पाटीपाशीच थबकली. “एवढं काय लिहिलंय गं? चपला बाहेर काढायच्यात का?” पाटी पिस्तुलांबद्दल आहे हे कळल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

आमच्या मंडळाच्या ज्येष्ठांसाठीच्या माहितीपत्रकात या पाटीचा अर्थ द्यायचा आहे. माझा मसुदा असा: “दंडसंहिता कलम ३०.०६ (छुप्या बंदुकीसह परवानाधारकाचे अतिक्रमण) अन्वये, परवानाधारक व्यक्तीने छुपी बंदूक बाळगून या परिसरात प्रवेश करू नये.” बाबांनी वाचून विचारलं, “म्हणजे परवाना नसलेल्याने आणली तर चालते?” मसुदा इथेच आपटला. सुधारणा सुचवा.

कोर्टकचेरी:
बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो भाषांतराचा दोष नाही. टेक्ससच्या दंडसंहितेतलं ३०.०६ हे कलम १९९७ सालचं. तेव्हा झाकून पिस्तूल नेणारा म्हणजे परवानाधारकच, म्हणून मजकूर फक्त त्यालाच उद्देशून. उघड नेणाऱ्यांसाठी ३०.०७ ची वेगळी पाटी जानेवारी २०१६ पासून आली. मग १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने बंदी नसलेल्या, एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला परवान्याचीच गरज उरली नाही. अशा बिनपरवाना लोकांसाठी ३०.०५ ची पाटी निघाली. म्हणून काही दारांवर पाट्यांची वरातच दिसते. तुमच्या पत्रकात खाली एक ओळ टाका: परवाना असो वा नसो, रुग्णालयात पिस्तूल नेऊ नका.

आता शब्द. ‘अतिक्रमण’ काढाच. आपल्याकडच्या जुन्या दंडसंहितेच्या मराठीत ‘फौजदारीपात्र अतिक्रमण’ होतं, मान्य. पण सामान्य वाचकाला अतिक्रमण म्हटलं की फुटपाथवरची टपरी आणि पालिकेचा बुलडोझर आठवतो. ‘मनाई असताना प्रवेश’ म्हणा.

तिरकी रेघ:
‘छुपी’ला माझा विरोध. छुपा कॅमेरा, छुपा अजेंडा, छुपे वार. या शब्दात कट शिजतो. टेक्ससच्या कायद्यातली जुनी व्याख्या साधी होती: सर्वसाधारण माणसाच्या सहज नजरेला पडणार नाही असं पिस्तूल. त्यात लबाडी कुठेच नाही. शर्टाखाली कमरेला असलं तरी ते कन्सील्ड. ‘लपवलेले’मध्येही चोरटेपणा आहेच. ‘झाकलेले’ चालेल, किंवा सरळ ‘कपड्याआड’. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं झाकलं पिस्तूल! (क्षमस्व.)

आणि ‘बंदूक’ नको. तिथल्या व्याख्येत हँडगन म्हणजे एका हाताने झाडता येईल असं बनवलेलं अग्निशस्त्र. मराठीत बंदूक म्हटली की खांद्याला लावायची नळी डोळ्यांपुढे येते. ‘हस्तबंदूक’ शब्दकोशात शोभेल, माणसाच्या तोंडी नाही. बातमीदार पिस्तूल आणि रिव्हॉल्वर वेगळं लिहितात, पण आजीआजोबांसाठी ‘पिस्तूल’ पुरे.

बोरूबहाद्दर:
‘बाळगणे’बद्दल कोणीच बोललं नाही? भीती, राग, संशय आणि शस्त्र या चारही गोष्टी आपण बाळगतोच. अडचण अशी की घरच्या कपाटात ठेवलेलं शस्त्रही बाळगलेलंच असतं. इथे मुद्दा सोबत नेण्याचा आहे. ‘जवळ घेऊन’ किंवा ‘अंगावर’ म्हटलं की फरक कळतो.

कोर्टकचेरी:
बरोबर. पण सगळ्यात घातक शब्द ‘परिसर’ आहे. रुग्णालयांसाठी गव्हर्न्मेंट कोड या टेक्ससच्याच दुसऱ्या संहितेतल्या कलम ४११.२०४ ची स्वतंत्र पाटी आहे, प्रत्येक प्रवेशद्वारावर लावायची, आणि तीत ‘प्रिमायसेस’ येतं. रुग्णालयात पिस्तूल नेण्यावर बंदी घालणारं दंडसंहितेचं कलम ४६.०३ प्रिमायसेसची व्याख्या करतं: इमारत किंवा इमारतीचा भाग. गाड्या लावायची जागा, आतला रस्ता, पदपथ हे त्यात येत नाहीत. आपला ‘परिसर’ किंवा ‘आवार’ तर फाटकापासून सुरू होतो, वडाच्या पारासकट. म्हणजे मराठी वाचणारा समजणार की गाडीत पिस्तूल ठेवून आत गेलेला माणूसही गुन्हेगार. ‘इमारतीत’ लिहा. ३०.०६ च्या मजकुरात मात्र ‘प्रॉपर्टी’ आहे, तिथे ‘जागेत’ बरं. दोन्ही पाट्यांची खिचडी करू नका.

अर्धविराम:
हे माहीत नव्हतं, आभार. पाटी कुठे लावायची या नियमातल्या ‘कॉन्स्पिक्युअस’साठी मी ‘स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी’ लिहिलं होतं.

बोरूबहाद्दर:
अहो, आपल्याकडे तयार शब्द आहे की, ‘दर्शनी भागात’. प्रत्येक सरकारी परिपत्रकात असतो. उगाच पाच शब्द का खर्च करता? मोजमापाचं काय आहे तिथे?

कोर्टकचेरी:
इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषा, रंग एकमेकांवर उठून दिसणारे, ‘ब्लॉक लेटर्स’ किमान एक इंच उंच. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नसल्यामुळे ‘सुटी ठसठशीत अक्षरे’ म्हणावं लागेल. तुमची मराठी पाटी फक्त समजण्यासाठी, कायदेशीर नोटीस म्हणून तिला वजन नाही, हेही छापा.

तिरकी रेघ:
तुलनेसाठी: महाराष्ट्रातल्या रुग्णालयांतली पाटी आठवा, डॉक्टरांवरचा हल्ला दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा असल्याची. २०१० च्या कायद्यावरून आलेली, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. आपली पाटी शिक्षा सांगून धाक घालते. टेक्ससची ३०.०६ ची पाटी शिक्षेबद्दल चकार शब्द काढत नाही, फक्त कलम सांगते. भाषांतरात आपला धाकाचा सूर शिरू देऊ नका.

अर्धविराम:
सुधारलेला मसुदा: “दंडसंहिता कलम ३०.०६ (परवानाधारकाने झाकलेल्या पिस्तुलासह, मनाई असताना केलेला प्रवेश) अन्वये, परवानाधारकाने झाकलेले पिस्तूल जवळ घेऊन या जागेत येऊ नये.” खाली बाबांसाठीची ओळ, आणि रुग्णालयाची ‘इमारतीत’वाली पाटी वेगळ्या चौकटीत.

बोरूबहाद्दर:
‘येऊ नये’ बदला. मराठीत ‘येथे थुंकू नये’ वाचून कोण थांबलंय? ‘येण्यास मनाई आहे’ करा.

अर्धविराम:
केलं. आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “आता कळलं. पण चपलांचं काही लिहिलेलं नाही ना?”