गावची फायर कंपनी: सेवा की शेजाऱ्यांमधला करार?

खडूस
अमेरिकेतल्या खेड्यांमधल्या स्वयंसेवी अग्निशमन दलांचा इतिहास सगळे एकाच सुरात सांगतात. निःस्वार्थ सेवा, नांगर सोडून धावलेले शेतकरी वगैरे. मला हा सूर अर्धवट वाटतो. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी, म्हणजे शेजाऱ्यांचं आग विझवणारं मंडळ, काढली. सभासद तीस. प्रत्येकाने कातडी बादल्या आणि सामान भरायला पिशव्या, टोपल्या तयार ठेवायच्या व आग लागली की घेऊन यायचं. मासिक बैठकीला दांडी मारली तर दंड, आणि त्या दंडाच्या पैशातून बंब, शिड्या, लोखंडी आकडे. ही सेवा नव्हे, हा रोकडा व्यवहार: आज तुझं घर, उद्या माझं.

शहरांना लवकर शहाणपण आलं. तिथल्या स्वयंसेवी कंपन्या आगीपेक्षा एकमेकींशीच जास्त लढायच्या. १८५३ मध्ये सिनसिनाटीने वाफेचा बंब आणि पगारी दल आणलं, १८६५ मध्ये न्यूयॉर्कने. खेडी मात्र तिथेच राहिली. आता माणसंही मिळेनात: १९८४ साली देशात सुमारे ८ लाख ९७ हजार स्वयंसेवक होते, २०२० मध्ये ६ लाख ७७ हजार. कौतुक आवरा, पगार सुरू करा.

पाणवठा
असहमत. एका गाडीवर चोवीस तास चार माणसं ठेवायची तर पाळ्या, रजा, आजारपण धरून पंधराएक लागतात. हजार-दीड हजार वस्तीच्या गावाला हा पगार झेपेल? मग होणार काय, तर चार गावांत मिळून एक पगारी स्टेशन, तेही लांब. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शिवाय खेड्यातली आग म्हणजे मुळात पाण्याचा प्रश्न. शहरात दर कोपऱ्यावर हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळ, इथे मैलोन्मैल नाही. म्हणून टँकरच्या खेपा. आगीजवळ रस्त्यात घडीची टाकी उघडायची, टँकरने त्यात पाणी ओतून तळ्याकडे परतायचं, तिकडे दुसरा बंब पाणी खेचून पुढचा टँकर भरतोय. एक खेप चुकली की होज, म्हणजे बंबाची नळी, कोरडी. कित्येक दलांचा पहिला टँकर म्हणजे दुधाची जुनी गाडी. कुठलं तळं उन्हाळ्यात आटतं, कुठला पूल भरलेला टँकर पेलत नाही, हे तिथल्याच माणसाला ठाऊक.

खडूस
ठाऊक असणं आणि प्रशिक्षण असणं वेगळं. १७ एप्रिल २०१३, टेक्सासमधलं वेस्ट नावाचं छोटं गाव. खताच्या गोदामाला आग लागली, दल धावलं, आणि वीसेक मिनिटांत अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. १५ मृत्यू, त्यातले १२ मदतीला गेलेले, बहुतेक स्वयंसेवक. आत काय साठवलंय आणि ते काय करू शकतं, याची त्यांना कुणी नीट तयारी करून दिली नव्हती. भावनेच्या भरात आपण हा भाग गाळतो.

रात्रपाळी
मुद्दा खरा, निष्कर्ष चुकीचा. पगारी माणूसही प्रशिक्षणाशिवाय तिथेच उभा राहिला असता. लाकडी गोदामात तसलं खत ठेवू देणारे नियम कुणाचे होते, हेही विचारा.

तुम्हा दोघांच्या इतिहासात एक भलंमोठं भोक आहे, म्हणून लिहितोय. ९११ हा आणीबाणीचा फोन क्रमांक १९६८ साली अलाबामातल्या हेलीव्हिलमध्ये सुरू झाला, आणि खेड्यांत पोचायला त्यालाही पुढे बरीच वर्षं लागली. तोवर आगीचा फोन कुठे वाजायचा? अनेक गावांत दलातल्या पाच-सहा जणांच्या घरी एकाच वेळी. उचलायच्या बायका. पत्ता लिहून घ्यायचा, भोंग्याचं बटण दाबायचं, बाकीच्यांना फोन लावत सुटायचं. म्हणजे फोनपासून लांब जायची सोय नाही. दलाच्या भिंतीवर फोटो मात्र नवऱ्यांचे, आणि यांच्या नावापुढे 'कॉफी, सँडविच व निधिसंकलन'. (हे वाचून माझं मत कडवट झालंय, मान्य.) स्वयंसेवक कमी झाले म्हणता, पण ही दिवसभर घरात असलेली फुकटची यंत्रणाच संपली, त्याचा हिशेब कोण करणार?

पाणवठा
हे आवडलं. त्यात भर म्हणजे दिवसा पुरुषही गावात नसतात, नोकरीला तासभर लांब.

सरळमार्गी
स्वयंसेवी म्हणजे मागासलेलं, हे गृहीतकच काढून टाका. चिलीत राजधानी सांतियागोसुद्धा स्वयंसेवकच सांभाळतात. १८५० च्या डिसेंबरात तिथलं वाल्पाराइसो बंदर जळलं आणि १८५१ मध्ये तिथे पहिलं दल उभं राहिलं. तेव्हापासून तीच पद्धत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सची ग्रामीण सेवा तर हजारो स्वयंसेवकांच्या जिवावर चालते.

खडूस
ऑस्ट्रेलियाचं नाव काढलंत ते बरं केलंत. २०१९-२० च्या वणव्यांत तिथल्या सरकारला स्वयंसेवकांना दिवसाला ३०० डॉलरपर्यंत द्यावे लागले, कमाल ६,०००. म्हणजे शेवटी पैसाच ना?

पाणवठा
तो पगार नव्हे, बुडालेल्या कमाईची भरपाई. तीही दहा दिवसांहून जास्त राबलेल्यांना.

खडूस
बरं, पूर्ण पगार राहू दे. प्रत्येक कॉलमागे थोडं मानधन?

रात्रपाळी
ते अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी आजही देतात. मग मूळ धाग्यातलं 'पगार सुरू करा' तेवढं खोडा.