मदत हवी आहे: ऐंशीच्या दशकातील डान्स संगीत आणि अस्सल लॉसलेस फाइल्स

ऐंशीच्या दशकातील डान्स संगीताचे संकलित अल्बम मी गेली काही वर्षे फ्लॅक या लॉसलेस (आवाजाचा तपशील न गमावणाऱ्या) स्वरूपात जमवत आहे. शक्यतो मूळ सीडी मिळवून स्वतःच रिप करतो, म्हणजे त्यातील संगीत संगणकावर फाइल म्हणून घेतो; पण जे अल्बम सीडीवर सापडत नाहीत, त्यांच्या विकत घेतलेल्या फाइल्सबद्दल शंका येते. परवा अशा एका फाइलचा स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या कंप्रतेचा आवाज किती आहे हे दाखवणारे चित्र) उघडला, तर १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखा काळोख होता. वास्तविक सीडीत २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. ही फाइल आवाजाचा काही भाग गाळून लहान केलेल्या एमपी३ वरून बनवलेली असावी, असा माझा कयास आहे. मात्र जुन्या टेपवरील मुद्रणातही वरच्या कंप्रता क्षीण असू शकतात, तेव्हा या दोहोंतला फरक खात्रीने कसा ओळखावा?

दुसरी अडचण प्री-एम्फसिसची आहे. त्या काळातील काही सीडींवर उच्च कंप्रता मुद्दाम वाढवलेल्या असतात आणि रिप करताना ती वाढ उतरवली नाही, तर हाय-हॅट (ड्रमसेटमधील झांजांची जोडी) कानाला अक्षरशः टोचतो. याची खूण कधी कधी सीडीच्या अनुक्रमणिकेत नसून केवळ सबकोडमध्ये (संगीतासोबत सीडीवर नोंदलेल्या पूरक माहितीत) असते. ती नेमकी वाचणारे सॉफ्टवेअर कोणी वापरत असल्यास कृपया सांगावे.

बारा इंची रेकॉर्डवरील लांब मिक्स न कापता घेतलेली संकलने माहीत असतील, तर तीही सुचवावीत; आवाज चढवून ठोका चेपलेली रीमास्टर (नव्याने ध्वनिसंस्कार केलेल्या आवृत्त्या) मात्र नकोत.