ट्रॉलीच्या हबचा (चाकाच्या मधल्या, बेरिंग बसतं त्या भागाचा) नट किती आवळायचा? एक चाक लई तापायलंय

काळीमाती_परभणी
राम राम मंडळी. चार चाकी ट्रॉली आहे, ऊस सुरू व्हायच्या आधी डाव्या मागच्या चाकाला लूज होता म्हणून गावातल्या मिस्त्रीकडून आतलं बाहेरचं दोन्ही बेरिंग नवीन टाकून घेतलं. त्यानं पान्याला पाईप लावून नट असा आवळलाय की चाक हातानं फिरंना, म्हणला लोड बसला की आपोआप मोकळं होतंय. आता पाथरी-माजलगाव रोडनं रिकामी ट्रॉली नेली तरी त्या हबला हात लावू देईना, बाकीचे तिन्ही थंड. ग्रीस पण ओघळायलंय. नट सोडावा म्हणलं तर चाक निघून जायची भीती वाटते. नेमका किती आवळायचा असतो?

ऊसवाला_बीड
आम्ही तर फुल टाईटच ठेवतो भाऊ. ढिला ठेवून भरल्या ट्रॉलीचं चाक डुगडुगलं की मग कळतंय.

हबवाला_लातूर
ऊसवाला भाऊ, राग मानू नका पण हे चुकीचं आहे. चाक निघू न देणं हे नट आणि स्प्लिट पिनचं (नट फिरू न देणारी, टोकं मुडपायची पिन) काम, घट्टपणाचा त्यात काही संबंध नाही. ट्रॉलीचं बेरिंग टेपर असतं, रोलर तिरपे, नट जितका आवळाल तितका कोन (रोलरवाली आतली रिंग) कपात (हबमधल्या बाहेरच्या रिंगमध्ये) घुसतो, रोलर दाबले जातात, हब तापतो, ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं आणि मग बेरिंग निळं पडून जाम होतं. परभणीवाल्यांचं आत्ता हेच चाललंय. तसं चालवू नका.

ट्रॉली रिकामी करा, सपाट जागेवर घ्या, बाकीच्या चाकांना दगड लावा, एक्सलखाली जॅक आणि शिवाय लाकडी ठोकळा पण, नुसत्या जॅकवर भरवसा नको. हबची टोपी काढा, जुनी पिन काढून फेका. आता एका हातानं चाक फिरवत फिरवत नट आवळा, चाक जड लागेपर्यंत. त्यानं रोलर जागेवर बसतात, मधलं जास्तीचं ग्रीस बाजूला होतं. फिरवायचं विसरू नका, उभ्या चाकावर आवळलं तर रोलर तिरपे अडकून खोटा टाईटपणा दाखवतात. मग नट सगळा ढिला करा आणि पाना बाजूला ठेवून फक्त बोटांनी टेकेपर्यंत आणा. खाच पिनच्या भोकासमोर नाही आली तर मागं सोडून जुळवा, पुढं आवळून कधीच नाही. नवीन पिन टाका, टोकं मुडपा.

आता चाक वर-खाली धरून हलवा. केसाइतका टक (हलका लूज) लागला पाहिजे, डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) असेल तर ०.०२५ ते ०.१२५ मिमीच्या आत. अजिबात टक नाही म्हणजे टाईट. पहिल्या खेपेला १०-१५ किमीवर थांबून चारी हबला हात लावून बघा, कोमट चालतं.

संभाजीनगर_कार
माझ्या कारचं मागचं चाक घूं घूं करतंय, वळणावर आवाज बदलतो. असाच नट ॲडजस्ट करू का?

हबवाला_लातूर
नाही नाही. तुमचं सीलबंद हब युनिट असणार, त्याला ॲडजस्टमेंट नसते. नट टॉर्क रेंचनं (जोर मोजणाऱ्या पान्यानं) कंपनीच्या मापाला आवळायचा बस. आवाज आला म्हणजे ते गेलं, युनिट बदला.

गोदाकाठ
ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाला लूज दिसला की लोक लगेच बेरिंग आणायला पळतात. आधी हब आणि एक्सलच्या मध्ये बोट ठेवून हलवा. हब एक्सलवर हलला तर बेरिंग, सगळं एकत्र हललं तर किंगपिनचा (चाक जिच्यावर वळतं त्या उभ्या पिनचा) बुश.

काळीमाती_परभणी
हबवाले भाऊ, खोललं. बाहेरच्या कोनचे रोलर निळे झालेत, आतला चांगला दिसतोय. कपावर पण थोडा डाग आहे. नुसता कोन बदलला तर चालंल का, ग्रीस कोणतं टाकू?

हबवाला_लातूर
कोन आणि कप जोडीनंच बदला, डागी कपावर नवे रोलर पण लवकरच जातात. जुन्यावरचा नंबर दुकानदाराला दाखवा. कप ठोकताना पितळी ड्रिफ्ट (ठोकायची सळई) घ्या, छन्नी नको. आतलं बेरिंग रॉकेल-डिझेलनं धुऊन सावलीत वाळवा, हवेच्या पाईपनं गरगर फिरवायचं नाही. लिथियम ग्रीस २ किंवा ३ नंबरचं, तळहातावर घेऊन रोलरमध्ये दाबून भरा, हब गच्च भरू नका. जुनं ग्रीस सगळं पुसून काढा, दोन जातींचं मिसळू नका. आणि ऑइल सील नवीनच टाका, ग्रीस ओघळलंय म्हणजे तो गेलेलाच आहे, आणि आपल्याकडच्या चिखलात त्यातून पाणी शिरायला वेळ लागत नाही.