रोहूच्या विष्ठेत पांढरे दोरे: प्रोबायोटिक द्यावं का?

शेततळंवाला: रोहू-कटला, सरासरी १५० ग्रॅम. खाद्यात भुईमूग पेंड काढून सोयापेंड ४० टक्के केली. दुसऱ्या आठवड्यापासून पाण्यावर पांढरी, चिकट, दोऱ्यासारखी विष्ठा दिसते. मर नाही, पण खाणं मंदावलंय. पहाटेचा प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम, अमोनिया ठीक. बॅसिलस (प्रोबायोटिक, म्हणजे उपयुक्त जिवाणू) आणि बीटा-ग्लुकन (यीस्टपासून मिळणारी शर्करा) एकत्र द्यावं म्हणतो. प्रमाण किती? आणि दिलेलं आतड्यापर्यंत जिवंत पोचतं का?

सूक्ष्मदर्शक: पोचतं. रोहूला जठरच नाही, त्यामुळे आम्लात मरायचा प्रश्न येत नाही. पित्त असतं, पण बॅसिलसचे बीजाणू ते सोसतात.

पण आधी मासा फाडा, आणि जिवंतच घ्या. मेल्यावर काही मिनिटांतच आतडं स्वतःच्या पाचकरसांनी गळू लागतं, मग निरोगी मासाही आजारी दिसतो. लवंगतेलाने भूल देऊन मारलेले तीन-चार मासे पुरेत. आतड्याच्या मागच्या भागातला श्लेष्म ०.८५ टक्के मिठाच्या पाण्यात काचपट्टीवर घ्या; १०० पटीत कृमी दिसतील, ४०० पटीत कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी). यातलं काही सापडलं तर प्रोबायोटिकवर पैसे घालू नका. ऊतक तपासणीला पाठवायचं तर सेंटीमीटरभर तुकडा लगेच त्याच्या दहापट आकारमानाच्या बफर फॉर्मॅलिनमध्ये.

मागचाच भाग का, तर माशांना लसिका ग्रंथी नसतात, आपल्या आतड्यातले पेयर पट्टे (संरक्षक पेशींचे पुंजके) तेही नसतात. संरक्षक पेशी आतडंभर विखुरलेल्या. रोहूच्या कार्प कुळात आतड्याचा दुसरा, म्हणजे मागचा खंड अन्नातले मोठे प्रथिनरेणू अख्खेच शोषून त्या पेशींपुढे ठेवतो. न मानवणारं खाद्य म्हणूनच तिथे आधी दिसतं.

पेंडवाला: माझा संशय सोयापेंडीवर. सॅल्मनच्या आतड्यात तिने दाह होतो हे जुनं ज्ञान. मुख्य दोषी सॅपोनिन, सोयातला फेस आणणारा घटक. नीट भाजलं की ट्रिप्सिनरोधक (प्रथिनं पचू न देणारा घटक) जातो, सॅपोनिन जात नाही. सायप्रिनसमध्येही (कॉमन कार्प) सुरुवातीला दाह दिसतो, पण काही आठवड्यांत ओसरतो. रोहू त्याच कुळातला, तरी तेवढ्या भरवशावर बसू नका. सोया २० टक्क्यांवर आणा, मग आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढवा. भुईमूग पेंडीकडे परतायचं तर बुरशी बघून. बुरशीच्या विषाने, अफ्लाटॉक्सिनने, यकृत जाईल आणि प्रतिकारशक्तीही.

सूक्ष्मदर्शक: सहमत. आणि दाह असताना ग्लुकन नकोच. ते मुळात संरक्षक पेशींना चेतवणारं. विष्ठा सुधारल्यावर किलो खाद्याला १ ग्रॅम, तीन आठवडे, मग तेवढीच विश्रांती. बारमाही देऊन उपयोग घटतो.

गोळीखाद्य: बॅसिलसचं प्रमाण: पावडरीत ग्रॅमला १०० कोटी जिवाणू असतील तर किलो खाद्याला १० ग्रॅम. २५ मिली कोमट पाण्यात कालवून गोळ्यांवर फवारा, सावलीत अर्धा तास सुकवा, वरून १० मिली माशाचं तेल. तेल चुकवलंत तर अर्धं पाण्यातच धुऊन जाईल. त्याच दिवशी संपवा, प्रतिजैविक चालू असेल तर देऊ नका. भोकं पाडलेल्या पिशवीतून कोंडा-पेंड देत असाल तर हा लेप टिकत नाही. पावडर मिश्रणातच मळून घट्ट गोळे करा आणि तासाभरात खाल्लं जाईल एवढंच टाका.